रोगापेक्षा इलाज भयंकर? आधी हिशोब तर मांडा!

मराठी घरात पिंपल्स या विषयावर ज्याला मत नाही असा एक माणूस दाखवा आणि माझ्याकडून कटिंग घेऊन जा. आजी म्हणते, अंगात उष्णता आहे, सब्जा पी. आई म्हणते, पोट साफ नाही, रात्री जागत जाऊ नकोस. मावशी जायफळ उगाळून लावायला सांगते, शेजारच्या काकू मुलतानी मातीवर ठाम. ऑफिसातला जिमवाला म्हणतो दूध बंद कर (आणि स्वतः दिवसाला दोन स्कूप व्हे प्रोटीन हाणतो, जे दुधापासूनच बनतं. असो). या सगळ्यांचं आपापसात कशावरच पटत नाही, पण एका गोष्टीवर मात्र शंभर टक्के एकमत : "काहीही कर बाबा, पण ती स्ट्रॉंग गोळी घेऊ नकोस. लिव्हर जातं म्हणे."

ती गोळी म्हणजे आयसोट्रेटिनॉइन. आज शनिवार आहे, ऑफिसचा फोन अजून वाजलेला नाही, आणि मला या "म्हणे"शी भांडायचं आहे.

आधीच सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. "गोळी घ्या" असा प्रचार मला करायचा नाही, "घेऊ नका" असाही नाही. माझं भांडण आहे ते आपण हा निर्णय ज्या पद्धतीने घेतो त्याच्याशी. माझा मुद्दा एवढाच, की या औषधाच्या धोक्यांची क्रमवारी आपण पार उलटी लावून ठेवली आहे. जे धोके लहान आहेत, मोजता येतात, गोळी थांबवली की बहुतेक वेळा मागे फिरतात, त्यांच्यावर घरोघरी परिसंवाद. आणि जो एक धोका खरोखर भयंकर आहे, त्यावर चकार शब्द नाही. का? तर त्याविषयी बोलायची लाज वाटते.

गोळी करते काय?

पिंपल्स म्हणजे "चेहऱ्यावरची घाण" हा गैरसमज पहिल्यांदा डिलीट करा. त्वचेखाली तैलग्रंथी असतात, त्या सीबम नावाचं तेल बनवतात. तेल जास्त झालं, छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचं बूच बसलं, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जंतू माजले आणि त्यावर शरीराने सूज आणून प्रत्युत्तर दिलं की झाला पिंपल. चार कारणं. बाकीची औषधं यातल्या एखाददोन कारणांवर काम करतात. आयसोट्रेटिनॉइन चारही कारणांवर करतं, कारण ते तैलग्रंथीच आकसवून टाकतं. सीबम ९० टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतं. तोंड दिवसातून पाच वेळा धुऊन हे होत नाही, फक्त साबणवाल्याचा धंदा होतो.

नॅचरलवाल्यांसाठी एक गंमत : हे अ जीवनसत्त्वाचंच भावंड आहे. रासायनिक नाव १३-सिस रेटिनोइक ॲसिड. म्हणजे नैसर्गिक या शब्दाने जर जीव शांत होत असेल तर घ्या, झाला शांत! फक्त लक्षात ठेवा, अ जीवनसत्त्वसुद्धा जास्त झालं की विषारीच असतं. नैसर्गिक आणि सुरक्षित हे दोन वेगळे शब्द आहेत.

१९७९ मध्ये अमेरिकेत गॅरी पेक आणि सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटा अभ्यास छापला. कुठल्याही उपचाराला दाद न देणारे, गाठी झालेले १४ रुग्ण. त्यातल्या १३ जणांचा चेहरा पूर्ण साफ झाला, आणि औषध बंद केल्यावरही दीर्घकाळ साफ राहिला. तोपर्यंतचे उपचार थांबवले की आजार परत, असा खाक्या होता. १९८२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली, रोशने ॲक्युटेन या नावाने ते बाजारात आणलं. २००९ मध्ये कंपनीने अमेरिकेत तो ब्रँड बंद केला, पण औषध गेलं नाही. जेनेरिक रूपात ते जगभर चालू आहे, आपल्या कोपऱ्यावरच्या केमिस्टकडेही.

ट्रायेज करूया

आपल्या धंद्यात बग आला की आपण काय करतो? सगळ्या बगांना सारखं घाबरत नाही. किती वेळा होतो, झाला तर किती नुकसान, आणि रोलबॅक करता येतो का, या तीन प्रश्नांवर पी-वन ते पी-फोर लावतो. रिलीज मॅनेजरने बटणाच्या रंगावर दोन तास मीटिंग घेतली आणि डेटा उडवणारा बग उघडलाच नाही, तर आपण त्याला काय म्हणू? (लिहीत नाही, आईसुद्धा हा ब्लॉग वाचते.)

तर या औषधाचे बग.

पी-फोर : कोरडेपणा. ओठ फुटतात. "फुटू शकतात" नाही, जवळपास सगळ्यांचे फुटतात. नाक आतून कोरडं पडतं, कधी घोळणा फुटतो. डोळे कोरडे होतात. एसीत दहा तास मॉनिटरकडे बघणाऱ्या आणि वर कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्या आपल्या जमातीला हे विशेष जाणवतं. ऊन लगेच भाजतं. त्वचा नाजूक होते, वॅक्सिंग केलं तर सालटं निघू शकतं. काहींना पहिल्या काही आठवड्यांत पिंपल्स उलट वाढतात. त्रासदायक आहे, पण लिप बाम, डोळ्यांचे थेंब, सनस्क्रीन आणि चष्मा यावर निभावतं. गोळी थांबली की बहुतेकांचं हे थांबतं.

पी-थ्री : रक्तातले आकडे. हेच ते सुप्रसिद्ध लिव्हर. यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, ट्रायग्लिसराइड्स त्याहून जास्त वेळा वाढतात. पण हे वाढलेलं दिसतं! रक्ताची साधी तपासणी, सुरू करण्याआधी एकदा आणि डोस पूर्ण मात्रेवर पोहोचल्यावर एकदा. धडधाकट माणसाला दर महिन्याला तपासायची गरज नाही असंच आता बहुतेक तज्ज्ञ म्हणतात. आकडे वाढले तर डोस कमी करतात किंवा थांबवतात, बहुतेकदा आकडे खाली येतात. याला मॉनिटरिंग म्हणतात आणि ते आपण सर्व्हरसाठी रोज करतो. लिव्हरची एवढीच काळजी असेल तर या काळात शुक्रवारची पार्टी बंद ठेवा. लिव्हरच्या नावाने गोळीला शिव्या देणारे माझे अर्धे मित्र त्याच वेळी दुसऱ्या हातात ग्लास धरून असतात. त्याच वर्गात स्नायूदुखी (जिमवाले, ऐका) आणि रात्री कमी दिसणं. दुसरं दुर्मिळ आहे, पण रात्रीचा घाट चढायच्या आधी माहीत असलेलं बरं.

पी-टू : डोकं. दोन अर्थांनी. पहिला म्हणजे डॉक्सीसायक्लिनच्या वर्गातल्या गोळ्या आयसोट्रेटिनॉइनसोबत घेतल्या तर मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. या दोन गोळ्या एकत्र नकोतच. डोकं विलक्षण दुखायला लागलं, दिसायला धूसर झालं तर गोळी बंद आणि लगेच डॉक्टर. जुनी उरलेली स्ट्रिप "संपवून टाकू" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

दुसरा अर्थ म्हणजे मन. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार याबद्दलचा इशारा एफडीएने १९९८ मध्ये औषधावर आणला. हा धोका मी उडवून लावणार नाही, पण आकडे बघू. स्वीडनमध्ये ही गोळी दिलेल्या ५,७५६ जणांचा अभ्यास २०१० मध्ये बीएमजेत आला. आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण उपचार सुरू व्हायच्या आधीपासूनच चढत होतं, आणि उपचार संपल्यानंतरच्या सहा महिन्यांत सर्वात जास्त होतं. म्हणजे तीव्र पिंपल्स हाच मनावर मोठा भार असतो आणि गोळी घेणारे लोक मुळातच तो भार वाहत आलेले असतात. २०२३ मध्ये जामा डर्मेटॉलॉजीत २५ अभ्यासांचा, १६ लाखांहून अधिक लोकांचा एकत्र आढावा आला. एकूण लोकसंख्येच्या पातळीवर गोळीमुळे आत्महत्या किंवा मानसिक आजार वाढतात असं त्यात दिसलं नाही. उलट, उपचारानंतर दोन ते चार वर्षांनी आत्महत्येचे प्रयत्न कमी दिसले.

मग झालं का? नाही. सरासरी म्हणजे तुम्ही नव्हे. लाखात एखाद्यालाच त्रास झाला तर तो सरासरीत दिसणार नाही, पण तो एखादा तुम्ही असू शकता. ब्रिटनने २०२३ पासून १८ वर्षांखालच्या मुलांना ही गोळी सुरू करताना दोन तज्ज्ञांची संमती सक्तीची केली आहे, ते काही वेडे म्हणून नाही. तेव्हा आधी कधी नैराश्य आलं असेल तर डॉक्टरला सांगा. आणि रूममेटला किंवा बायकोला किंवा नवऱ्याला आधीच सांगून ठेवा : मी गप्प गप्प राहायला लागलो, झोप उडाली, तर मला टोक. हे फुकट मॉनिटरिंग आहे. आपल्याकडे तेही करत नाहीत, कारण मग "गोळी चालू आहे" हे कबूल करावं लागतं.

आता पी-वन.

ज्यावर कुणी बोलत नाही

गरोदरपणात ही गोळी पोटात गेली तर बाळाला गंभीर व्यंग येतं. चेहरा, कान, हृदय, मेंदू. असा संबंध आलेल्या बाळांपैकी साधारण २० ते ३५ टक्क्यांत मोठी व्यंगं आढळली आहेत. दिसायला व्यवस्थित जन्मलेल्या बाळांमध्येही पुढे बौद्धिक वाढीचे प्रश्न सापडले आहेत. गर्भपाताचा धोकाही वाढतो. औषध १९८२ मध्ये बाजारात आलं आणि पुढच्याच वर्षी अशा बाळांच्या नोंदी यायला लागल्या. हा "लाखात एक" प्रकार नाही. आणि याला रोलबॅक नाही. तिन्ही प्रश्नांवर वरचा नंबर लावणारा हा एकमेव बग आहे.

अमेरिकेने यावर काय केलं? २००६ पासून आयप्लेज नावाची सक्तीची नोंदणी. गरोदर राहू शकणाऱ्या बाईला गोळी सुरू करण्याआधी दोन वेळा प्रेग्नन्सी टेस्ट, नंतर दर महिन्याला टेस्ट, गर्भनिरोधाचे दोन मार्ग एकाच वेळी, आणि ते झाल्याशिवाय केमिस्ट पुढच्या महिन्याची गोळी देऊच शकत नाही. कटकट आहे, तिथले लोक त्या वेबसाइटला शिव्या घालतात. पण निदान पी-वन बग पी-वन म्हणून उघडलेला आहे.

आपल्याकडे? औषध चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असा नियम आहे, पाकिटावर इशारा छापलेला असतो, आणि आयप्लेजसारखी सक्ती नाही. म्हणजे सगळा भार डॉक्टरच्या केबिनमधल्या पाच मिनिटांच्या संभाषणावर. आणि ते संभाषण कसं होतं ते माझ्या टीममधल्या एका मुलीने सांगितलं. वय २७, सोबत आई. डॉक्टरांनी विचारलं, "मिसेस का मिस?" ती म्हणाली मिस. डॉक्टरांनी मान हलवली आणि चिठ्ठी लिहिली. संपलं. "मिस" या एका शब्दावर अख्खा सुरक्षा-आढावा पास! आता ही मुलगी आईसमोर काय बोलणार होती? तिला बॉयफ्रेंड आहे हे तिच्या आईला माहीत नाही, आणि डॉक्टरांना माहीत करून घ्यायचं नाही.

याला मी गुन्हा म्हणतो. सौम्य शब्द मला सापडत नाही. आपण सगळे मिळून असं धरून चालतो की लग्न न झालेली मुलगी गरोदर राहू शकत नाही. या गृहीतकावर आपण कपड्यांपासून फ्लॅटच्या भाड्यापर्यंत बरंच काही चालवतो, पण इथे त्याची किंमत एका बाळाच्या हृदयाला पडलेल्या भोकाने मोजायची वेळ येऊ शकते. डॉक्टरांना एवढंच करायचं असतं : "काकू, जरा बाहेर बसता का?" पाच शब्द. ते न बोलणारा डॉक्टर मग कितीही वेळा लिव्हरची टेस्ट करून घेवो, माझ्या लेखी त्याने चुकीच्या बगवर काम केलं.

आणि याच्याच दुसऱ्या टोकाची अफवा बघा : "ती गोळी घेतली की पुढे मूल होत नाही." या अफवेला आधार नाही. गोळी थांबवल्यावर एक महिना थांबा, तेवढ्यात औषध शरीरातून निघून जातं, नंतर गरोदर राहायला हरकत नाही असंच सर्वत्र सांगतात. म्हणजे कोर्स चालू असताना बाळ नको, ही खरी गोष्ट कुणी सांगत नाही. आणि कोर्सनंतर बाळच होणार नाही, ही खोटी गोष्ट सगळे सांगतात. क्रमवारी उलटी म्हणजे किती उलटी असावी!

याचा सर्वात वाईट नमुना म्हणजे लग्नाआधीचा पेशंट. तारीख ठरली, हॉल बुक झाला, मेकअपवाली म्हणाली "स्किन ट्रीट करून घ्या", आणि मग लग्नाला तीन महिने उरले असताना ही गोळी आठवते. साधा हिशोब करा. प्रचलित कोर्सचं एकूण माप आहे किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम. वजन ६० किलो धरलं तर कमीत कमी ७,२०० मिलिग्रॅम. रोज ४० घेतली तर १८० दिवस. त्यावर थांबण्याचा एक महिना. सात महिने झाले की! तीन महिने आधी सुरू केलं तर कोर्सच्या ऐन मध्यावर लग्न, हनिमून, आणि "आता गोड बातमी कधी" विचारणारे नातेवाईक. यापेक्षा चुकीचा मुहूर्त कुठल्याच पंचांगात सापडणार नाही.

(मुलांनो, तुम्ही हसू नका. पुरुष ही गोळी घेत असेल तर होणाऱ्या बाळाला धोका नाही असं मानतात. पण कोर्स चालू असताना आणि नंतर महिनाभर रक्तदान करायचं नाही. ऑफिसच्या शिबिरात टी-शर्टसाठी रांगेत उभे राहाल आणि ते रक्त एखाद्या गरोदर बाईला जाईल. आणि तुमची स्ट्रिप बहिणीला किंवा मैत्रिणीला "ट्राय कर" म्हणून देणं हा तर शुद्ध मूर्खपणा.)

न घेण्याची किंमत

आता दुसरी बाजू. "स्ट्रॉंग गोळी नको" म्हणणाऱ्यांच्या हिशोबात एक कॉलम कायम रिकामा असतो. गोळी न घेण्याचा खर्च तिथे शून्य धरलेला असतो. तो शून्य नाही.

खोल, दुखऱ्या गाठी येणारे पिंपल्स असतील तर प्रत्येक महिन्याला नवीन खड्डे पडतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर वर काळे डागही राहतात, महिनोन्महिने. डाग पुसट होतात, खड्डे आपोआप भरत नाहीत. त्यासाठी मग मायक्रोनीडलिंग, लेझर, सबसिजन अशी मालिका, भरपूर पैसे आणि अर्धवट फरक. उशिरा केलेला बगफिक्स महाग पडतो हे वेगळं शिकवायला नको.

मग "सौम्य" उपायांचं काय? माझी स्वतःची केस सांगतो. पंचविशी ओलांडल्यावर माझ्या जबड्यावर गाठी सुरू झाल्या. चार वर्षं, तीन डॉक्टर, आणि दरवेळी फिरून फिरून डॉक्सीसायक्लिन. घेतली की कमी, थांबवली की परत. याला सौम्य म्हणायचं? तोंडाने घ्यायची अँटिबायोटिक्स पिंपल्ससाठी तीन-चार महिन्यांपुरती, आणि सोबत बेंझॉइल पेरॉक्साइडसारखं काहीतरी लावून वापरायची असतात. नाहीतर जंतू निर्ढावतात. चार वर्षं अँटिबायोटिक खाणाऱ्याला घरात कुणी अडवलं नाही, कारण ती ओळखीची गोळी. ओळखीचं म्हणजे सुरक्षित, हा आपला दुसरा लाडका गैरसमज.

त्याहून भयंकर म्हणजे ती गोरं करणारी ट्यूब. स्टेरॉइड मिसळलेली क्रीम्स चेहऱ्यावर लावून लोक पंधरा दिवस खूश असतात. मग त्वचा पातळ होते, लाल पडते, केस उगवतात, पिंपल्स दुपटीने येतात आणि क्रीम सोडवत नाही. हे प्रकरण आपल्याकडे इतकं माजलं की २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी आजही कुणी "गोळी नको, ही क्रीम लाव" म्हणतं तेव्हा घरात सुटकेचा निःश्वास पडतो. क्रीम ना, वरूनच तर लावायची!

आणि मनाचा खर्च कुठल्या कॉलमात लिहिणार? व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बंद ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. मुलगी बघायला आलेल्यांनी "तेवढं चेहऱ्याचं बघा" म्हणून गेलेलं पाहिलं आहे. तिशीच्या माणसाला हे सांगता येत नाही, कारण "या वयात पिंपल्स? चल काहीतरीच!" यात दिखाऊपणा काही नाही. आरशात रोज सकाळी हरायचं, मग लॅपटॉप उचलून कामाला जायचं, हा सरळ सरळ त्रास आहे.

मग सगळ्यांनी घ्यायची का?

अजिबात नाही. टायपो दुरुस्त करायला कुणी अख्खी सिस्टिम फॉरमॅट करत नाही. महिन्याला चार-दोन पुटकुळ्या येत असतील तर ॲडापलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड लावा आणि निदान १२ आठवडे धीर धरा. आपण १२ दिवसांत कंटाळतो आणि नवीन सिरम मागवतो, मग म्हणतो काहीच चालत नाही. (गरोदर असाल किंवा राहायचं असेल तर ॲडापलीनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.)

बायकांना जबड्यावर, हनुवटीवर, पाळीच्या आसपास येत असेल, पाळी अनियमित असेल, तर आधी पीसीओएस तपासा. तिथे हार्मोनच्या बाजूने जाणारे मार्ग आहेत. ब्रिटनमध्ये ४१० बायकांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये छापलेल्या चाचणीत स्पायरोनोलॅक्टोनने फरक पडलेला दिसला. तेही गरोदरपणात चालत नाही, पण पर्याय आहे, आणि बऱ्याच जणींना कुणी सांगितलेलाच नसतो. आणि ज्यांना नजीकच्या काळात बाळ हवंय त्यांच्यासाठी आयसोट्रेटिनॉइनचं उत्तर एका अक्षरात : ना.

पण गाठी येतात, खड्डे पडतायत, योग्य रीतीने केलेले इतर उपाय फसलेत, पी-वनचा बंदोबस्त पक्का आहे, अशा माणसाला केवळ "स्ट्रॉंग आहे" म्हणून अडवणं याला मी काळजी म्हणत नाही. मी स्वतः घेतली. ४० पासून सुरुवात, दोन महिन्यांत ट्रायग्लिसराइड्स चढले, डॉक्टरांनी २० वर आणली, त्यामुळे कोर्स लांबून साडेदहा महिने चालला. ओठांची चाळण झाली, लेन्स कपाटात गेल्या. गोळी जेवणासोबत घ्यायची, ती तुपाच्या पोळीबरोबर चांगली शोषली जाते, हा एकमेव आनंद. आता तीन वर्षांनी हनुवटीवर कधीतरी एखादा पाहुणा येतो. काही जणांना आजार परत उलटतो आणि दुसरा कोर्स लागतो, हेही खरं. चमत्कार नाही, पण सौदा परवडला. माझा. तुमचा हिशोब तुमचाच.

तो करायला डॉक्टरकडे जाताना एवढे प्रश्न खिशात ठेवा :

१. माझ्या प्रकाराला ही गोळी लागतेच का? आधीचे उपाय पुरेसे दिवस केले होते का?
२. रोजचा डोस किती, एकूण किती, कधी संपणार?
३. रक्ताच्या तपासण्या कधी? आकडे किती वाढले तर थांबवणार?
४. चालू असलेल्या कुठल्या गोळ्या, सप्लिमेंट्स बंद करायच्या? (अ जीवनसत्त्व असलेल्या मल्टिव्हिटॅमिनसुद्धा सांगा.)
५. गरोदरपणाचं काय? बायांनो, डॉक्टरने विचारलं नाही तर तुम्ही विचारा. सोबत आई असेल तर तिला पाणी आणायला पाठवा. आणि हा प्रश्न ऐकून डॉक्टरने भुवया उंचावल्या, तर डॉक्टर बदला.

पाचवा प्रश्न पहिला लिहायला हवा होता असं म्हणाल, तर तसाच वाचा.

राहता राहिल्या आपल्या मावश्या आणि काकू. त्यांच्यावर माझा राग नाही, त्या प्रेमाने सांगतात. फक्त पुढच्या वेळी "लिव्हर जातं म्हणे" असं कानावर आलं की शांतपणे विचारा, "आणि बाळाचं काय, ते कुणी सांगितलं का?" बघा, खोलीत कशी शांतता पसरते. त्या शांततेतच खरा धोका लपून बसलाय.

चला, ऑफिसचा फोन वाजला. भेटू पुढच्या शनिवारी. :-)